मृगाचे भुंगेरे आणि आपली सायंकाळ



कुरवंडे म्हटलं की इतिहासाची आवड असणाऱ्यांना उंबरखिंड आठवते. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान आपली फौज घेऊन आमच्या गावच्या घाटाने खाली उतरला आणि खिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला कोंडलं. त्या फौजेत रायबाघन ही बाईसुद्धा होती. शहाणपणाने शरण जाण्याचा सल्ला तिनेच खानाला दिला, असं सांगतात. आज मात्र मला दुसऱ्या एका फौजेबद्दल लिहायचं आहे. ती घाटाने येत नाही, जमिनीतून वर येते. तिच्याजवळ शस्त्र नाही. पण दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस झाला की ती आपल्या ओट्यावर, दिव्याखाली आणि कडुलिंबाच्या झाडावर हजर होते. मी भुंगेऱ्यांबद्दल बोलते आहे.

या दिवसांत मला दोन प्रश्न हमखास येतात. लोणावळ्याकडच्या मैत्रिणी विचारतात, "संध्याकाळी दारातल्या दिव्याखाली भुंगेऱ्यांचा खच पडतो. फवारा न मारता काय करायचं?" सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींचा प्रश्न वेगळा असतो, "गावात भुंगेरे गोळा करायची मोहीम आहे. घरटी एक माणूस द्यायचा आहे. आपण जायचं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही. आणि दोन्ही प्रश्न आज पहिल्यांदा पडलेले नाहीत. आपल्या आधीच्या अनेक पिढ्यांना ते पडले होते. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू आणि मग घरात काय करायचं त्याकडे येऊ.

हा पाहुणा कोण?

पहिल्या पावसात दिसणारे सगळे भुंगेरे एकाच जातीचे नसतात. पण ज्याची शेतकऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तो हुमणीचा भुंगेरा. तांबूस तपकिरी, बोटाच्या पेराएवढा. शास्त्रज्ञ त्याला होलोट्रायकिया सेराटा म्हणतात. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये या जातीचं वर्णन केलं. पण आपल्या शेतकऱ्याला हुमणी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

याचं आयुष्य एका वर्षाचं असतं आणि त्यातला बहुतेक काळ जमिनीखाली जातो. मादी ओल्या मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. दोनेक आठवड्यांत त्यातून पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी निघते. हीच हुमणी. पाच ते सात महिने ती मुळं खाते. आधी गवताची आणि कुजक्या पाल्यापाचोळ्याच्या आसपासची, मग उसाची, भुईमुगाची, हळदीची, सोयाबीनची. उसाचं बेट वरून पिवळं पडतं आणि हाताने ओढलं की मुळांशिवाय अलगद हातात येतं. पुढे अळीचा कोष होतो, कोषातून भुंगेरा निघतो आणि तो तसाच मातीत दबून बसतो. वाट कशाची पाहतो? पावसाची. वळिवाचा किंवा मृगाचा एक चांगला पाऊस झाला, जमीन नरम झाली की दिवेलागणीच्या सुमारास तो वर येतो, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसतो, रात्रभर पानं खातो आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतो. सकाळी बघावं तर लिंबाच्या पानांची चाळण झालेली असते. धान्यात कीड पडू नये म्हणून ज्या कडुलिंबाचा पाला आपण कोठीत घालतो, तोच पाला हा आवडीने खातो!

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. भुंगेऱ्याला आपल्या घराशी काही देणंघेणं नसतं. तो आपल्याला चावायला येत नाही की आपल्या डब्यातलं खायला येत नाही. त्याला झाड हवं असतं, जोडीदार हवा असतो आणि अंडी घालायला माती हवी असते. दारात तो येतो तो आपल्या दिव्यामुळे.

पावसाळ्यात पाय थांबवणारे

आपल्या मावळ तालुक्यातच, कामशेतजवळच्या पाले गावाच्या डोंगरात एक लेणं आहे. कार्ला आणि भाजे सगळ्यांना माहीत असतात, पाले फारसं कुणाला माहीत नसतं. तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेला एक छोटा लेख आहे. डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. अक्षरांच्या वळणावरून तो दोन हजार वर्षांहून जुना मानतात. लेखाची सुरुवात अरिहंतांना नमस्काराने होते, म्हणजे आपल्या णमोकाराच्या पहिल्या पदाने. भदंत इंदरक्षित यांनी हे लेणं आणि पाण्याची पोढी करवली, एवढाच त्याचा मजकूर. महाराष्ट्रातल्या जैन परंपरेचा हा सगळ्यात जुना कोरीव पुरावा मानला जातो, आणि तो आपल्या तालुक्यात आहे!

डोंगरातली एक कोरडी जागा आणि प्यायला पाणी. मावळच्या पावसात कुणाला चार महिने एका जागी राहायचं असेल तर याहून जास्त काय लागतं? साधूंनी पावसाळ्यात विहार का करू नये, याचं कारण आचारांग सूत्रात स्पष्ट दिलं आहे. पाऊस सुरू झाला की असंख्य जीव जन्माला येतात, बी-बियाणं उगवतं, वाटा जीवांनी भरून जातात आणि पाय ठेवायला निर्जीव जागा उरत नाही. म्हणून चालणं थांबवायचं. कारणात चिखलाचा त्रास नाही की पुराची भीती नाही. कारण आहे ते जमिनीतून वर येणारे जीव.

हे लिहिणाऱ्यांनी पावसाळ्यातली जमीन किती बारकाईने पाहिली असेल! हुमणीचा भुंगेरा पावसाची वाट बघत मातीत दबून असतो, हे आज कृषी खात्याच्या पत्रकात छापलेलं असतं. ज्यांनी आधी जमीन निरखली आणि मग आपले पाय आवरले, त्यांना हे वेगळ्या शब्दांत कळलं होतं. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. आपला चातुर्मास आषाढी चतुर्दशीला सुरू होतो आणि भुंगेरे वर येतात मृगात, कधी त्याच्याही आधी. म्हणजे आपले नियम सुरू होण्याआधीच यांची गर्दी होऊन गेलेली असते. म्हणून मी मैत्रिणींना सांगते, दिव्याचा आणि जेवणाचा नेम आषाढापासून नको, पहिल्या पावसापासून धरा.

दिवा आणि ताट

रात्रिभोजन का सोडायचं? लहानपणी आपल्याला सांगतात, "अंधारात किडा ताटात पडतो." मग मुलं विचारतात, "आता तर लाइट आहे, मग काय हरकत आहे?" हा प्रश्न आजच्या मुलांनी शोधून काढलेला नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी आचार्य अमृतचंद्र यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याचंच उत्तर दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की सूर्याच्या उजेडाशिवाय जेवणाऱ्याला हिंसा टाळता येणार नाही, आणि दिवा लावला तरी अन्नावर येणारे बारीक जीव कसे वाचवणार? म्हणजे दिवा हा या अडचणीवरचा उपाय नाही, दिव्याने ती वाढतेच. श्वेतांबर परंपरेत दशवैकालिक सूत्रात साधूंच्या पाच महाव्रतांच्या जोडीला रात्रिभोजनत्याग सहावा ठेवला आहे. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाची सहावी प्रतिमा रात्रीच्या आहाराच्या त्यागाची आहे. वाट कुठलीही असो, संध्याकाळची चूल लवकर विझली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत दिसतं.

तेव्हा दिवा म्हणजे काय होता? एरंडेलाची किंवा करंजेलाची पणती. पुढे रॉकेलची चिमणी आली, कंदील आला, लग्नकार्याला गॅसबत्ती आली. एकेका पायरीने उजेड वाढला आणि भुंगेऱ्यांचं वर्तुळही वाढलं. आणि मोठा उजेड ज्याच्यातून आला, ते पाणी आमच्याच डोंगरावरचं. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधली. त्यांचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडलं आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मावळच्या पावसाच्या पाण्यावर मुंबईचे कारखाने चालू लागले. आमच्याकडच्या घरांत बल्ब लागला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आता बंगले, हॉटेलं आणि रस्त्यावरचे पांढरेफेक दिवे मिळून डोंगराची रात्र उजळून टाकतात.

किडे दिव्याकडे का येतात, याबद्दल बरेच तर्क होते. कुणी म्हणे त्यांना उजेडाचं आकर्षण असतं, कुणी म्हणे ते दिव्याला चंद्र समजतात. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने उडणारे किडे टिपले, तेव्हा वेगळंच दिसलं. उडताना किडा आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतो. मोकळ्या रात्री उजेड आकाशाकडून येतो, म्हणून असं केलं की त्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं. दिवा जवळ असला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, वळतच राहतो आणि त्याच फेऱ्यात अडकतो. म्हणजे तो दिव्याच्या मोहाने येत नाही, तो वाट चुकतो. पतंगाच्या प्रेमावर आपण किती गाणी ऐकली! प्रत्यक्षात तो बिचारा सुटायची वाट शोधत असतो. हे वाचल्यापासून दारातल्या दिव्याखालचा खच मला उपद्रव वाटत नाही, वाट चुकलेल्यांचा जमाव वाटतो.

नांगर धरणारे श्रावक

आता दुसरा, अवघड प्रश्न. काही जण सहज म्हणून जातात, "जैनांनी शेती करूच नये." हे इतिहासाला धरून नाही. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषि अशी जी सहा कर्मं शिकवली, त्यात शेती आहे. उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक मोठा जमीनदार होता. भगवान महावीरांपुढे व्रत घेताना त्याने शेती सोडली नाही, तिला मर्यादा घातली. पाचशे नांगरांची जमीन, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या बाजूला श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचं कामही सांगितलं आहे. म्हणजे आपल्या शास्त्रकारांना हा पेच पक्का ठाऊक होता. त्यांनी तो लपवला नाही.

आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज तर मुख्यतः शेतकरीच. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिच्या मागे उभा राहिलेला समाज कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगेच्या काठी राबणारा होता. आचार्य शांतिसागर महाराज याच मातीतले. १८७२ चा त्यांचा जन्म, भोज गावच्या पाटलाचं घर, नाव सातगौडा. त्यांची एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. शेताची राखण करायला बसले की ते पाखरं हाकलत नसत, उलट पाखरांसाठी पाणी भरून ठेवत. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. पण मुनी होण्याआधीचा शेतावरचा तो मुलगा आपल्या लोकांच्या जास्त जवळचा आहे, कारण त्याच्यापुढचा प्रश्न आपल्यासारखाच होता. पीक माझं की त्यांचं?

पाखरं दाणे खातात ते डोळ्यांना दिसतं, आणि दाणे खाऊन ती उडून जातात. हुमणीचं तसं नाही. कालवे आले, पुढे सहकारी साखर कारखाने आले, उसाचं क्षेत्र वाढत गेलं. लागण, मग खोडवा, पुन्हा खोडवा, अशी एकाच जमिनीत वर्षानुवर्षं उसाची मुळं मिळू लागली. अळीला दुसरं काय हवं? म्हणून आज हुमणी हा ऊसपट्ट्यातला मोठा घोर झाला आहे. कृषी खातं, कृषी विद्यापीठं आणि कारखाने सांगतात की अळी जमिनीत गेल्यावर तिला गाठणं कठीण, त्यापेक्षा भुंगेरे झाडावर असतानाच गोळा करा. पहिल्या पावसानंतर रात्री आठ-नऊच्या सुमारास लिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. किंवा शेतात दिवा लावून त्याखाली तशाच पाण्याचं घमेलं ठेवायचं. एकट्याने करून उपयोग नसतो, कारण शेजारच्या शिवारातला भुंगेरा उडून येतो. म्हणून सगळ्या गावाची मोहीम. त्या घमेल्यापाशी आपली मैत्रीण थबकते, ते काही उगीच नाही.

जगाने काय करून पाहिलं

हा पेच फक्त आपलाच नाही. फ्रान्सच्या आग्नेय भागात, तेव्हाच्या सॅव्हॉयमध्ये, सेंट-जुलियन नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव होतं. १५४५ मध्ये तिथल्या मळ्यांवर भुंगे पडले. आपल्या धान्यात होतो त्या सोंड्याच्या कुळातले, हिरवट रंगाचे. गावकऱ्यांनी काय केलं? भुंग्यांवर धर्मपीठात खटला भरला! भुंग्यांच्या बाजूने वकील नेमला गेला. निकालात गावाला सांगितलं गेलं की देवाने वनस्पती फक्त माणसासाठी निर्माण केलेल्या नाहीत, तेव्हा आधी स्वतः पश्चात्ताप आणि प्रार्थना करा. भुंगे त्या वेळी गेले. १५८७ मध्ये ते पुन्हा आले आणि खटला पुन्हा उभा राहिला. वकिलाने बाजू मांडली की माणसाच्या आधी या जीवांना पृथ्वीवर जागा मिळाली आहे, मग हिरवं खाण्याचा हक्क त्यांना का नाही? गावकऱ्यांनी सभा घेऊन भुंग्यांना एक वेगळी जमीन राहायला देऊ केली. शेवटचा निकाल काय लागला ते वाचता येत नाही, कारण दप्तराचं शेवटचं पान उंदरांनी किंवा किड्यांनी खाल्लं आहे! वाचून हसू येतं. पण त्या लोकांनी भुंग्याचं म्हणणं मांडायला माणूस उभा केला, हे मला विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. क्वीन्सलँडमध्ये ऊस होतो आणि तिथेही हुमणीच्याच कुळातला भुंगेरा उसाची मुळं खातो. १९३५ मध्ये तिथल्या लोकांनी हवाईहून सुमारे शंभर मोठे बेडूक आणले, त्यांची पैदास केली आणि उसात सोडले. बेडूक भुंगेरे खातील आणि आपले हात कोरडे राहतील, असा हिशोब. भुंगेरे उसाच्या आणि झाडांच्या शेंड्यावर, बेडूक जमिनीवर. भुंगेरे तसेच राहिले. बेडूक मात्र विषारी होते. त्यांना खाऊन तिथले कितीतरी प्राणी मेले, घोरपडीच्या जातीचे आणि क्वोल नावाचे छोटे शिकारी प्राणीसुद्धा. आज ते बेडूक कोट्यवधी झाले आहेत.

तिसरी गोष्ट काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसाची. तिथे १८७९ मध्ये इल्या मेचनिकोव्ह यांना गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळीवर एक हिरवी बुरशी आढळली. या मेचनिकोव्हना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी. त्याच बुरशीला आज मेटारायझियम म्हणतात. शेणखतात मिसळून हुमणीसाठी जमिनीत घालतात ती हीच. रासायनिक विषापेक्षा ती बरी, कारण विषाने गांडुळं, मुंग्या आणि मातीतले बाकीचे जीवही सरसकट मरतात. पण ती बुरशीही अळीला मारण्यासाठीच घातलेली असते. 'जैविक' हा शब्द पाकिटावर छापला म्हणून ती अहिंसक होत नाही.

कृत, कारित, अनुमोदित

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार शिकवतात. स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, पोटापाण्याच्या कामात होते ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणात होते ती विरोधी आणि मारायच्याच हेतूने केली ती संकल्पी. गृहस्थाने पहिल्या तिन्ही कमी करत जायच्या आणि चौथी पूर्ण सोडायची. नांगरताना जीव मरतात ती उद्योगी, हे सगळे मान्य करतात. पण फांदी हलवून भुंगेरे घमेल्यात टाकणं कशात धरायचं? काही जण म्हणतात, पिकाच्या रक्षणासाठी आहे म्हणून विरोधी. काही म्हणतात, मारायचं ठरवूनच बाहेर पडलो, म्हणून संकल्पी. तत्त्वार्थसूत्रात भ्रमराला चतुरिंद्रिय जीवांचं उदाहरण म्हणून घेतलं आहे. भुंगेऱ्याला डोळे आहेत, तो उजेड पाहतो, हे आपण वर वाचलंच. तेव्हा "किडाच तर आहे" असं म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

मोहिमेला आपण न जाता मजूर पाठवावा, हा मार्ग मी पुष्कळ घरांतून ऐकला आहे. तो मला पटत नाही. पाप स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा केलेल्याला मान डोलावली, तिन्ही आपल्या खात्यावर येतात. प्रतिक्रमणात आपण हे रोज म्हणतो. क्वीन्सलँडने बेडकाला पाठवलं, आपण मजुराला पाठवतो. हात कोरडे राहिले एवढंच. इतकंच काय, ज्यांच्याकडे शेत नाही अशा आम्ही लोणावळ्याच्या बायका चहात साखर घालतो, तेव्हा त्या घमेल्याशी आमचाही संबंध असतो. शेतकरी बहिणीला दोष देऊन आपण मोकळ्या होत नाही.

मग करायचं काय? माझं मत सांगते. मारण्याची वेळ येण्याआधी संख्या वाढू न देणं, इथे आपला खरा पुरुषार्थ आहे. ज्या जमिनीत हुमणी दिसली तिथे खोडव्यावर खोडवा ठेवायचा नाही. पीक बदलायचं. पाणी साचवून भात घेता येत असेल तर घ्यायचं, कारण त्यात हुमणीला राहता येत नाही. सगळं शिवार उसाखाली घालायचं नाही. आनंद श्रावकाने घातली तशी मर्यादा आपणही घालू शकतो. त्यात पैसा कमी मिळतो, हे मला माहीत आहे. व्रताला किंमत असते, आणि शेतकऱ्याच्या व्रताची किंमत कांड्यावर मोजली जाते. एवढं करूनही पीक जायची वेळ आली तर घरच्या मोठ्यांनी आणि महाराजसाहेबांशी बोलून ठरवावं. पण ठरवताना त्याला हिंसा म्हणावं. 'नियंत्रण' असं गोंडस नाव देऊन झोपी जाऊ नये. आणि सगळ्या जमिनीला विष पाजण्याची वाट तर शेवटचीच, कारण एका भुंगेऱ्यासाठी तिथे हजार प्रकारचे जीव जातात.

आमच्या मावळातल्या भातशेतीतही निर्दोष असं काही नाही. रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे शेण-पालापाचोळा पसरून वाफा जाळतात. तण जातं, राख खत होते आणि मातीतले किडेही जातात. आपल्या ताटातला भात या वाटेने येतो. म्हणून तर ताटात एक शीतही टाकू नये असं आजी सांगायची.

घरात एवढं करा

आता लोणावळ्याच्या मैत्रिणींसाठी. भुंगेऱ्यांची मोठी गर्दी पहिल्या पावसानंतर काही आठवडेच असते, आणि रोज दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास. तेवढं सांभाळलं की पुष्कळ होतं.

सूर्यास्ताआधी स्वयंपाक आणि जेवण आटोपून ओटा पुसून घ्या. मग त्या वेळी बाहेर दिवा लावायची गरजच उरत नाही. दारात दिवा लागणारच असेल तर पांढरा-निळसर नको, मंद पिवळा लावा, कारण निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. दिव्याला वरून झाकण असू द्या, म्हणजे उजेड खाली पडेल, आकाशात पसरणार नाही. खिडक्यांना जाळी आणि पडदे लावा. दारापुढे कडुलिंब असेल तर त्याच्या फांद्यांवर दिव्याचा झोत टाकू नका.

भुंगेरा घरात आलाच तर आतला दिवा मालवा आणि दार उघडं ठेवा. अंधार झाला की तो बाहेर जातो. उलटा पडून पाय हलवत असेल तर कागदावर घेऊन बाहेर झाडाशी ठेवा. त्याला पाठीवरून सरळ होता येत नाही, एवढंच त्याचं दुखणं असतं. सकाळी ओटा खराट्याने झाडू नका. मऊ कुंच्याने हलके सुपलीत घ्या. त्यातले बरेच जिवंत असतात, ते झाडाखालच्या ओल्या मातीवर सोडा. पाण्याच्या बादल्या, टाक्या आणि देवघरातली निरांजनं झाकून ठेवा. आणि पाणी गाळायचं कापड या दिवसांत रोज तपासा.

एक सावधगिरीही सांगते. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा येतो. पीडेरस त्याचं नाव. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. म्हणून अंगावर काही बसलं तर चापट मारू नका, फुंकर घालून उडवा. द्रव लागलाच तर साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. इथे जीव वाचवला की आपलीच कातडी वाचते.

आणि शेवटी काजवे. काजवा हासुद्धा भुंगेऱ्याचाच भाऊबंद आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. मे संपता संपता आणि जूनमध्ये राजमाचीच्या रानात झाडंच्या झाडं त्यांनी लुकलुकतात. लोक गाड्या भरून बघायला जातात आणि गाडीचे दिवे आणि टॉर्च लावून त्यांचंच लुकलुकणं मोडतात. त्या उजेडाने काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. ज्या दिव्याने भुंगेरा आपल्या दारात येऊन मरतो, त्याच दिव्याने काजवा जोडीदार शोधू शकत नाही. आमच्या वस्तीत मृगापासून आषाढापर्यंत रात्री अंगणातले दिवे बंद ठेवायचं आम्ही काही घरांनी मिळून ठरवलं आहे. तुमच्या आळीत चार घरं जरी तयार झाली तरी फरक पडतो. मोठ्या मुलांना ते लवकर पटतं, मोठ्या माणसांना दोन-तीनदा सांगावं लागतं.

यंदा पहिला पाऊस झाला की जेवण लवकर आटपा, बाहेरचा दिवा मालवा आणि थोडा वेळ अंधारात ओट्यावर बसून बघा. भुंगेरे आवाज करत वरून निघून जातील, कडुलिंबाकडे.

जय जिनेंद्र.